साडेपाच व्होल्ट

वानरानं कवेलूवरून उडी मारली ती थेट दिव्यावर.
तडकली ती काच. काच म्हणजे काय,
तळहाताएवढा निळा-काळा तुकडा,
पाठीवर बारीक अक्षरात: साडेपाच व्होल्ट.
बाकी दिवा शाबूत. बॅटरी जिवंत, बल्ब जिवंत.
दिवसभर ऊन खायचं तोंड तेवढं गेलं.

दिवा सांदवाडीत, न्हाणीच्या वाटेवर,
मोडक्या सायकलच्या पाइपावर बसवलेला.
त्याच्याखाली रोज सातच्या सुमारास
एक बेडूक येऊन बसायचा,
शिक्का मारायला बसलेल्या पोस्टमास्तरासारखा.
किडा पडला, की टपकन शिक्का.
अंधार झाल्यावर तिसऱ्या रात्रीही तो आला.
मी बॅटरी मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही,
वर, पाइपाकडे पाहिलं.

मी टपाल वाटतो. सात गावं, एक सायकल.
पिशवीत पत्रं, आधारकार्डं, एक विम्याची नोटीस,
आणि रुमालात गुंडाळलेली ती काच.

लाखनीच्या दुकानदारानं मान वर केली नाही:
"पुरा दिवाच घेऊन घ्या ना भाऊ, दीडशेचा.
नुसती काच कोन इकते?"
साकोलीच्या बाजारात असपाक घड्याळवाल्यानं
तारा लावून मीटरचा काटा पाहिला,
नाडी पाहावी तसा थांबला.
"मेली नाही. कण्हून रायली.
बिनरंगी नेलपॉलिश लावून पाहा एकडाव."
म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी मी
बांगडीवालीपुढे उभा. ती हसली नाही,
फक्त विचारलं, "लहान शिशी का मोठी?"
काच चकाकली. दिवा नाही.

डोमाजीच्या बांधीवर झटका मशीन आहे,
वर दाराच्या फळीएवढी सोलर, बारा व्होल्टची.
"न्या उचलून," डोमाजी म्हणाला,
"मंग रानडुकराले तुमीच सांगा,
आजच्या दिवस येऊ नको म्हनून."

आणि मग एक रजिस्टर्ड पत्र, शाळेच्या नावाचं.
लांजेवार मॅडम सही करत होत्या,
मी कपाटावर पाहत होतो.
वर थर्माकोलचं गाव. पांढरी घरं, हिरवा भुसा,
काडेपेटीएवढी ग्रामपंचायत,
रस्त्याकडेनं टाचणीएवढे दिवे,
आणि आभाळाच्या पुठ्ठ्यावर, धुळीखाली,
तळहाताएवढा निळा-काळा तुकडा.
"विज्ञान प्रदर्शनीचं," मॅडम म्हणाल्या.
"काटेखायेंच्या हेमानीचं. उत्तेजनार्थ मिळालं होतं.
न्या. उंदरांनी अर्धं गाव खाल्लंच आहे."

विचारल्याशिवाय मन होईना.
हेमानी आता आठवीत, सायकलनं शाळेत जाते,
नाल्याच्या पुलावर गाठ पडली.
"काका, ते तर कधी लागलंच नाही," ती म्हणाली.
मग इकडेतिकडे पाहून:
"पाहुणे तपासाले आले तवा मी
पंचायतीच्या खाली बाबाचा मोबाइल लपवला होता."

त्या रात्री झाळायला बसलो तेव्हा कळलं.
लाल तार काळीला, काळी लालला.
एवढीच चूक, आणि तिच्यापायी
तीन वर्षं एक सबंध गाव अंधारात.
मी तारा फिरवल्या, शेंदूर लावावा तसं टिपूसभर कथील,
एका कोपऱ्याला उरलेलं नेलपॉलिश.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं पण मिणमिणतं, ढगातलं.
संध्याकाळी पावणेसातला
दिवा लागला, जरा पिवळट,
मग जसा काही घसा साफ करून, पांढरा.
बायको न्हाणीकडे जाताना थांबली नाही.
"लागला वाटते," एवढं म्हणाली,
आणि येताना कंदील विझवून आली.

बेडूक दोन दिवस आलाच नाही.
त्याची रागरुसवी मला कशी कळणार,
किंवा पलीकडे बोरकरांच्या ओट्यावर
त्याची बदली झाली असेल.
तिसऱ्या रात्री आला, जागेवर बसला, कामाला लागला.

एक सांगायचं राहिलं.
त्या तुकड्याच्या पाठीवर वहीचं कागद चिकटवलेलं होतं,
त्यावर हेमानीचं चौथी-पाचवीतलं अक्षर,
शाई पसरलेली: सूर्य.
खाली बाण, कुणाला शंका राहू नये म्हणून.
मी ती चिठ्ठी काढली नाही.
फेविकॉल होता. निघालीही नसती.