आकुंचनाची पट्टी

उद्यमनगरात, लेथच्या घरघरीला पाठ लावून
केरबा मेस्त्रींचं पॅटर्नचं दुकान.
पोरानं नवी स्क्रीन आणलीय, दाराएवढी रुंद,
आणि मेस्त्री तिच्यापुढं
देवळाबाहेर चप्पल हरवल्यासारखे उभे.
"शमा, बघ की गं जरा.
बटणं तांदळातल्या खड्यागत हुडकाय लागत्यात."

खरंच. ड्रॉइंगचं ते जुनं सॉफ्टवेअर,
करणारी कंपनी कधीच बुडाली,
उघडलं नेहमीसारखंच,
पण बटणं मोहरीएवढी, मेनू म्हणजे मुंग्यांची रांग,
आणि बेअरिंग हाउसिंगच्या मापांतला
तीन कुठला नि आठ कुठला, देव जाणे.

दुखणं मला ठाऊक होतं.
त्या बिचाऱ्याच्या हिशेबात इंचाला शहाण्णव ठिपके.
त्याला तेवढंच शिकवलेलं.
इथं इंचात एकशे त्रेसष्ट बसलेत, मांडीला मांडी लावून.
खरं सांगावं त्याला, तर मोहऱ्या वेचत बसा.
नाहीतर विंडोजला मध्ये घाला,
ते त्याच्या कानात सांगेल, पडदा लहानच आहे, तू काढ नेहमीचं,
आणि मागल्या मागं चित्र ताणून मोठं करेल.
"कडा पुसट होतील," मी म्हणाले,
"आणि तशी ही फसवणूकच."

फसवणूक म्हटल्यावर मेस्त्री हसले.
खिळ्यावरची स्टीलची पट्टी काढून
माझ्या पट्टीला लावली.
शून्याला शून्य जुळलं.
तीसपाशी तीन मिलिमीटरचं अंतर.
मला वाटलं, छापतानाच चुकली.

"चुकली न्हाई. बीड थंड होताना आकसतंय,
मीटरमागं दहा मिलिमीटर.
म्हणून ही आधीच खोटं बोलती.
मी शंभर म्हणून कापतोय, लाकूड एकशे एक निघतंय,
आन् साच्यातनं आलेलं शंभर भरतंय.
चाळीस वर्षं हिच्या खोट्यावर घर चाललंय."

उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी,
आतल्या खिडकीच्या आत अजून एक खिडकी,
चौकोनात टिक, यादीतून 'सिस्टिम'.
बंद केलं. उघडलं.

आकडे मोठे झाले, जरा मऊ,
ओल्या वाळूत उमटल्यासारखे.
पोराला पटेना. "एवढे पैसे घालून धूसर?"
मेस्त्रींनी काचेवरून अंगठा फिरवला,
लाकडाची कड तपासतात तसा.
"आरं, कास्टिंग तरी कुठं गुळगुळीत निघतंय?
कानस मारतोयच की नंतर."

एक मात्र मला जमलं नाही.
सेव्ह करताना जी खिडकी येते
तिचा तळ कापला जातो, 'ओके' दिसतच नाही.
तासभर झटले. चहा दोनदा आला, दोनदा गार झाला.
शेवटी मेस्त्री म्हणाले, "सरक."
स्क्रीनकडं न बघताच एंटर मारला.
ड्रॉइंग जतन झालं.

"असतंय ते तिथंच, उजव्या अंगाला.
दिसाय कशाला पायजे?"

बिलात मी एकच काम लिहिलं.
एंटरचे पैसे लावले नाहीत.