अवतरणचिन्हं

गंगावेशीत म्हशी धारेला उभ्या राहतात त्या वेळेला
मालन सासने प्रेसमध्ये आल्या.
थोरल्या दवाखान्यातली एकतीस वर्षं
अजून त्यांच्या चालण्यात आहेत, टाच वाजत नाही.
पिशवीत प्रुफं, माझ्यासाठी काकवीची बाटली,
आणि नॉर्वेतली ती बाई
जिला जाऊन शंभरावर वर्षं झाली.

खारवलेल्या माशांच्या वखारीत वाढली ती.
लिहिलं ते तसंच ठेवलं:
आईच्या बोटांतल्या चिरा, त्यांत गेलेलं मीठ,
बाप पिऊन आला की बूट कुठल्या पायरीवर पडतात ते,
कुणाला शिक्षा नाही, कुणाला माफीही नाही.
लोक म्हणाले, घाण.

हेरिंगला मराठी शब्द मिळेना तेव्हा
मालनताई लक्ष्मीपुरीच्या मासळी बाजारात
हातात बांगडा धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या.
"हेरिंगच ठेवू. बांगडा केला
तर बाई रत्नागिरीची होईल."

शेवटी तिला वेड्यांच्या वॉर्डात ठेवलं.
तिनं डॉक्टरचं बोलणं शब्दन् शब्द टिपलं.

"पान दोनशे बारा," ताई म्हणाल्या,
"'शांत' शब्दाची अवतरणचिन्हं कुणी काढली?"
मीच. अकरा ठिकाणी.
म्हटलं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतात.
"खुपू द्या की.
तो शब्द डॉक्टरचा आहे, तिचा नव्हे."

मग खुर्चीवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या.
कागलकडची एक बायाक्का होती, सात नंबरची कॉट.
रात्रभर भिंतीकडे तोंड,
नखानं चुना खरवडायची.
झोप नव्हती ती, हे मला दिसत होतं.
"आणि मी पहाटे लिहायची,
नाडी ब्याऐंशी, ताप नाही, पेशंट शांत.
केसपेपरवर जागाच तेवढी."

मी पेन्सिल घेतली.
बावीस खुणा, एकेक करून.
दस्तगीर कंपोझिटर आतून काहीतरी पुटपुटला.

उठताना सहज विचारलं,
बायाक्काचा पेपर असेल का अजून कुठं?
"छे. ठरावीक वर्षांनी जाळतात.
गठ्ठे मीच बांधून द्यायची,"
त्या म्हणाल्या, पिशवीचा बंद ओढत,
"नाहीतर तिथंही घालून आले असते."