टोका

निपाणीत आमच्या गल्लीतल्या पोरींना
पाढ्यांआधी कट्टे मोजता यायचे.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
आईच्या सुपात ओली टेंभुर्णीची पानं, कात्री, पत्रा,
आणि वखारीनं तोलून दिलेला जर्दा.

त्यातच तो असायचा.
मोहरीच्या अर्ध्याएवढा, विटकरी,
मान छातीत खुपसून,
जणू आत्ताच कुणी ओरडलंय त्याच्यावर.
बोट लावलं की पाय मिटून मरायचा.
मी दहापर्यंत मोजायला घ्यायचे.
सातला चालू लागायचा.

"आई, ह्याला खोकला येत नाही?"
"त्याचं पोटच तसलं," आई म्हणायची
आणि खोकायची.

त्या साली छाट फार निघाली.
चेकर महांतेश एकेक विडी उजेडात धरून
टाचणीच्या टोकाएवढं भोक दाखवायचा.
"तुमच्या घरात हुळ झालंय, मालनबाई."
हुळ म्हणजे किडा,
हे आम्हाला कापलेल्या पैशांतून कळलं.

आई उलट बोलली नाही.
शनिवारचा जर्दा उंबऱ्यातच सोडला,
एक मूठ हॉर्लिक्सच्या बाटलीत,
एक मूठ तव्यावर शेकून दुसऱ्या बाटलीत,
दोन्हींच्या तोंडाला परकराचं फडकं,
वर विडीचाच दोरा, विडीचीच गाठ.
"तंबाकूचं लोणचं घालालीस काय गं?"
शेजारची जैबुन हसली.
दोन मुठी कमी भरल्या, त्याचेही पैसे कापले गेले.

दोन अमावस्या गेल्या.
शेकलेली बाटली जशीच्या तशी.
दुसरीत आधी पांढुरक्या, केसाळ अळ्या,
भुकटी खाऊन भुकटीच झालेल्या,
मग एका सकाळी काचेवर
विटकरी दाणे, चालणारे.

आईनं बाटली पदराखाली नेली.
बायांच्या रांगेत उभी राहिली, तिचा नंबर आला,
आणि चेकरच्या खातेवहीवर तिनं ती पालथी केली.
"तुमच्या वखारीतलं आहे. घ्या परत."

सगळे टोके मेले होते.
पाय मिटून, एकही हलेना.
"मेलेत की हे," महांतेश म्हणाला.
"थांबा की जरा," आई म्हणाली.

मागे बाया गप्प.
कुणाच्या तरी हातातलं सूप खाली टेकलेलं ऐकू आलं.
मी मनात मोजत होते, पाच, सहा,
सात झाले, आठ झाले,
माझ्या पोटात गोळा.
मग एक उठला
आणि शाईवरून, आईच्या नावावरून,
कापलेल्या आकड्यावरून
सावकाश पलीकडच्या पानावर गेला.

त्या आठवड्याचे पैसे नाही मिळाले.
पुढच्या आठवड्यात वखारीला ताडपत्री घातली,
आत गोळ्या ठेवल्या,
आणि तीन दिवस आमच्या गल्लीला काम नव्हतं.
जैबुन म्हणाली, झालं समाधान?
आई म्हणाली, नाही.

परवा माझ्या घरी
संकेश्वरी तिखटाचा डबा उघडला.
तंबाखू काय, मिरची काय, पोटच तसलं.
बोट लावलं. मेला.
डबा उन्हात ठेवला मी,
झाकण बाजूला काढून,
आणि आत कामाला गेले.