बसून पाहते

जुनी विकली त्या दिवशी एवारिस्तोनं विचारलं,
आता कशी हवी?
मी म्हटलं, वळणावर हसू यावं
आणि कोमोदोरोला पोचल्यावर रडू येऊ नये.
तो म्हणाला, नेलिदा, असा तर नवराही कुणाला मिळत नाही.

अठ्ठावन्न पूर्ण. एस्केलच्या शाळेत
एकतीस वर्षं भूमिती शिकवली मी,
फळ्यासमोर उभं राहून राहून कमरेतला एक मणका
स्वतंत्र मतं बाळगायला लागलाय.
लेक कोमोदोरोला, तेलाच्या कंपनीत.
सहाशे किलोमीटर, आणि तेकाच्या पुढं
वारा असा आडवा येतो
की गाडी सरळ न्यायची तर तिरकी धरावी लागते.
हे प्रमेय मी कधी शिकवलं नाही.

पहिली लाल, बुटकी, घाईतली.
तळ्याच्या रस्त्यानं घेऊन गेले,
झाडांच्या सावलीतली सात वळणं,
प्रत्येकातून सुटताना हेल्मेटच्या आत
ओरडत होते मोठमोठ्यानं, एकटीच.
सातव्यानंतर मनगटं गेली.
करंगळी कुणा दुसरीचीच झाली.
उतरताना दुकानातल्या पोराचा हात धरावा लागला.
त्यानं आजी म्हटलं नाही,
पण म्हणणार होता.

दुसरी मोठी. कपाटाएवढी काच,
गरम होणाऱ्या मुठी, पाठीला टेकू, गाणीसुद्धा.
ऐंशी किलोमीटर कधी सरले कळलंच नाही.
हीच माझी तक्रार.
रस्त्याकडेला ग्वानाकोंचा कळप उभा होता म्हणे,
पंपावर मागून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं.
मला दिसला नाही.
आणि वळायचं असेल
तर तिच्याकडे आधी अर्ज करावा लागतो.

तिसरी कोपऱ्यात, पोत्याखाली.
शेवाळी रंग, टाकीला पोचा.
मेंढ्यांच्या डॉक्टरची. मार्चमध्ये वारला तो.
त्याची बायको इर्मा कागदपत्रं घेऊन आली होती.
सीटवर तिनं मेंढीचं कातडं शिवलेलं, लोकरीसकट,
उजवीकडे खळगा पडलेला.
पाकीट, ती म्हणाली. खिशातून कधी काढायचाच नाही.
मी विचारलं, वळणावर कशी आहे?
तिला काय माहीत, ती मागे डोळे मिटून बसायची.
पण घरी आल्यावर तो लगेच आत यायचा नाही,
शिट्टी वाजवत गाडीभोवती एक फेरी मारायचा,
सूप निवत असलं तरी.

मग मी म्हटलं, बसून पाहते.
आणि बसले. दुकानातच, स्टँडवर, उभ्या गाडीवर.
एवारिस्तोनं तुंबीत माते भरून दिला.
गिऱ्हाइकं आली, प्लग, साखळीचं तेल,
एकानं मलाच सुटे पैसे मागितले.
अर्धा तास कुणी काही बोललं नाही,
मणकाही.
तासाभरानं तो म्हणाला, हूं.
दीड तासानं इर्मा थोडी रडली, मग बिस्किट खाल्लं.
दोन तासांनी मी उतरले
आणि कुणाचा हात धरला नाही.

काच मात्र त्याच्या उंचीची. मी चार बोटं कमी,
वरची कड नेमकी डोळ्यांसमोर,
क्षितिज दोन ठिकाणी.
करवत आणली, दीड इंच कापली.
इतकी वर्षं पोरांच्या वहीतल्या रेघा तपासल्या,
ही कड तेवढी वाकडी गेली.

आज पहाटे निघाले.
लालसारखी ती उसळत नाही,
मोठीसारखी जोजवत नाही.
पण तेकाच्या अलीकडे, नदीपाशी, एक लांब डावं वळण आहे,
तिथं ती आपणहून कलली,
मी काही सांगायच्या आत,
आणि लोकरीतून थंडी आली नाही,
आणि ग्वानाको दिसले. अकरा. एक लंगडा.

गोबेर्नादोर कोस्ताच्या पंपावर थांबले.
शिट्टी मला येत नाही. नुसती फेरी मारली.
पंपवाला म्हणाला, काही पडलं का?
नाही म्हटलं.
मणक्यानं विचारलं, अजून किती?
चारशे.
हूं, म्हणाला.