ढकलताना दिसत नाही

शारजामध्ये रात्री दोननंतर
महामार्गावरचे ट्रक विरळ होतात,
शेजारच्या प्लॉटवर पाया ठोकणारं यंत्र थांबतं,
तेव्हा कुठे तळघरातली सुई
स्वतःचं ऐकू लागते.

अभ्रकाचा पापुद्रा. त्यावर
सोन्याचे नऊ कण.
मला ते एका रेषेत हवेत.

हुपरीच्या आमच्या घरात सोनं कधी आलंच नाही,
चांदीच. दादा पैंजणाला रवे लावायचे :
टाकणखार, फुंकणी, गालात धरलेला वारा.
रवा निदान चिमट्यात येतो.
हा कण धरता येत नाही,
नुसता ढकलता येतो,
तोही न पाहता.

सुई एकच आहे ना.
तिनं चाचपलं तर चित्र उमटतं,
तिनं ढकललं तर पडदा गप्प.
आधी बघायचं, मग आंधळं व्हायचं,
मग पुन्हा बघायचं,
गेला कुठे.

पहिला सरकला, चाळीस नॅनोमीटर, हवा तसा.
दुसऱ्याला टोक जरा कडेला लागलं,
कॅरमची सोंगटी कातरली जावी
तसा निसटला भलतीकडे.
तिसरा सुईलाच चिकटून आला
आणि पुढची सगळी चित्रं दुहेरी.

"दमट," हैथम एवढंच म्हणाला.
ऑगस्टमध्ये दारं लावली तरी समुद्र आत येतो,
सुई आणि कण यांच्यामध्ये
पाण्याची बारीकशी मान धरून उभा राहतो.
कोरडा नायट्रोजन सोडला.
सुई बदलली. या आठवड्यातली चौथी.

शिवाय कुणी हात न लावता
अभ्रक आपलं आपण सरकत असतं,
एसीच्या पाव अंशानं,
मिनिटाला दोन नॅनोमीटर.
तेवढं हिशेबात धरायचं,
आणि कण होता तिथे नाही,
असेल तिथे जायचं.

मागे दादांना फोनवर सगळं सांगितलं.
ते बराच वेळ गप्प. मग,
"हे घालतं कोण, गं?"
आणि लगेच, कारागिराच्या आवाजात,
"घट किती जाते?"
दुकानाचा केर झारेकरी विकत न्यायचे,
धुऊन त्यातून चांदी काढायचे.
माझ्या केराला कोण गिऱ्हाईक येणार?
"नऊतले दोन," मी म्हटलं.
"फार जाते," म्हणाले.

साडेपाचला पलीकडे यंत्र सुरू झालं.
नारिंगी जाकिटातली माणसं आली असणार,
जमिनीत अठरा मीटर खांब उतरवायला.
प्रत्येक ठोक्याला पडद्यावर एक आडवी रेघ.

सहा कण रेषेत. सातवा जवळपास.
एक जुन्या सुईबरोबर डब्यात गेला,
एक सापडलाच नाही.

अजून एकदा बघावंसं वाटतं,
खात्रीसाठी.
पण बघणं म्हणजेही हात लावणंच आहे इथे,
आणि दादा म्हणायचे,
बसलेल्या रव्याला नख लावू नये.

सुई वर घेतली.
हैथम खुर्चीतच झोपला होता.