नावाचा रकाना

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं आठव्या दिवशी,
तेही नेमकं रविवारी, पहिल्या गीताच्या वेळेला.
सुवार्ता उपासनेला पोचते दुसऱ्या पाठाच्या सुमारास,
पदराचं ओलं टोक पिळत,
आणि मला खुणेनंच सांगते:
पिंप भरलं, हंडे राहिले.

मी बसतो वजनकाट्यावर, जालन्याच्या एमआयडीसीत.
भंगाराचे ट्रक येतात, वितळून सळया व्हायला.
काटा खोटं बोलत नाही.
खोटं बोलतं त्याच्या बाजूचं बटण.
'धूळ-गंज' म्हणतात त्याला;
दाबलं की शेकड्यामागं चार किलो हवेत.
ट्रकवाल्यांसाठी नाही दाबायचं, ते दुसरीकडं तोलून येतात.
हातगाडीवाल्यांसाठी दाबायचं.
अकरा वर्षं दाबलं. बोटाला तिथं घट्टा पडलाय.

त्या रविवारी पाळकसाहेबांना पडसं होतं.
पाठ निघाला जुन्या करारातला,
थैलीत दोन तऱ्हेचे धोंडे बाळगणाऱ्याचा,
घ्यायचा जड, द्यायचा हलका.
शिंकत शिंकत वाचला त्यांनी.
मला वाटलं, आख्खी मंडळी माझ्याकडं वळून बघतेय.
कुणीच बघत नव्हतं.
हनोख साळवे तर चक्क झोपला होता.
आशीर्वाद व्हायच्या आधीच मी पायानं चपला चाचपडू लागलो.

सोमवारी बटण दाबलं.
मंगळवारीही.
बुधवारी नाही दाबलं.
का, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येत नाही.
शनिवारी मालकाचा पोरगा केबिनमध्ये आला,
खुर्चीवर बसलाही नाही.
"शांतवनकाका, चर्च रविवारी.
सोमवारपासून काटा."
आणि माझी रात्रपाळी लागली.

पुढच्या रविवारी मी गेलो ते हात पसरूनच.
म्हटलं, देवा, आता पुढचं सांग.
पोराची फी, सुवार्ताचा गुडघा,
रात्री दोन वाजता डोळ्यांत भरणारी वाळू,
याच्यावर एखादी ओळ. अर्धी चालेल.

पाठ होता वंशावळीचा.
अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा.
वाचायला रूथबाई त्रिभुवन,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
एकही नाव गाळलं नाही बाईनं.
अडली की मागं जायची, अक्षर लावायची,
पुन्हा पहिल्यापासून ते नाव, पूर्ण.
मेलेल्या माणसांना इतक्या अदबीनं
हाका मारताना मी कुणाला ऐकलं नव्हतं.
पण माझ्या कामाचं काही नाही.
भूक लागली होती. हसूही आलं.
घरी जाऊन हंडे भरले,
तर प्रत्येक हंड्यामागं एक नाव डोक्यात बुडबुडत राहिलं.

रात्रपाळी संपता संपता, साडेपाचला,
फाटकाशी एक हातगाडी.
म्हातारी. पत्र्याचे डबे, सायकलीची चौकट,
कुठल्याशा पाळण्याच्या कड्या.
अठ्ठेचाळीस किलो. अठ्ठेचाळीसच लिहिले.
पावतीवर वर एक रकाना असतो, नावाचा.
अशा लोकांसाठी तिथं आम्ही लिहितो 'रोख'.
अकरा वर्षं 'रोख', 'रोख', 'रोख',
जणू एकच माणूस येतोय रोज पहाटे.

"माय, नाव काय तुमचं?"
ती दचकली.
"काऊन? चोरीचं नाही बाबा ते."
"तसं नाही. लिहायचंय."
"नाव कशाला पायजे, पैशे द्या की."
"देतो. आधी नाव."

तिनं इकडं तिकडं पाहिलं,
पदर डोक्यावर सारखा केला,
फोटो काढायच्या आधी करतात तसा,
आणि सावकाश म्हणाली,
मी अक्षर लावत लिहीत गेलो,
एकदा अडलो, मागं गेलो,
पुन्हा पहिल्यापासून:

पारूबाई तुळशीराम डोईफोडे.

खाली माझी सही.
रोजची कोंबडीच्या पायासारखी नाही.
पूर्ण.