धूळ कुठली

पोतोसीतल्या माझ्या दुकानात प्रोजेक्टर घ्यायला येणारा
आधी विचारतो, "किती ल्युमेनचा?"
मी विचारते, खिडक्या किती?
पडदे आहेत, की काचांना वर्तमानपत्रं चिकटवलीत?
भिंत पांढरी आहे, की पांढरी होती?

एल आल्तोतल्या लग्नाच्या हॉलला मी लेझरचा दिला;
तिथं छतालाच इतके दिवे
की वधूचा फोटोही फिका पडावा.
चर्चला लांब पल्ल्याचं भिंग,
कारण पाद्रीबाबा म्हणाले, तीनशे वर्षांच्या भिंतीत खिळा नाही.
शाळेला आखूड पल्ल्याचा, फळ्याच्या डोक्यावरच टांगलेला,
नाहीतर बाईंच्या सावलीत
निम्मी दक्षिण अमेरिका बुडते.

आणि कुठेही दिला तरी एक गोष्ट मी स्वतः करून येते,
मेन्यूत खोल दडलेली: उंचावरचा मोड.
चार हजार मीटरवर हवा विरळ,
उष्णता वाहून न्यायला तिच्यात हमालच कमी.
मग पंखा दुप्पट पळतो, घरघरतो,
लोक तक्रार करतात.
करू देत.

खाणकामगार संघाचं सभागृह मात्र मला कधी आवरलं नाही.
पत्र्याचं छत, दाराखालून आत येणारी लाल माती,
आणि रखवालदार इलारिओन कोल्के,
बावीस वर्षं डोंगराच्या पोटात काढलेला,
जो दिव्याचे तास संपले की
दोन बटणं दाबून मीटर शून्यावर आणायचा.
"बघ एलेउतेरिया, नवा झाला."
मीटर विसरेल, मी म्हणायचे, दिवा विसरत नसतो.
तो हसायचा. हसता हसता खोकायचा.
फिल्टर मी दर महिन्याला धुवायचे.
पाणी चहासारखं निघायचं.

ऑगस्टात ला पासहून डॉक्टरीण आली
छातीचे एक्स-रे घेऊन. नावं नाहीत, फक्त नंबर;
ज्याचा त्याचा नंबर ज्याच्या त्याच्या खिशात.
अकरावा पडद्यावर आला:
उजवीकडे वर एक पांढुरका डाग, खाली आणखी एक.
मागून इलारिओन ओरडला,
"मशीनची धूळ आहे ती! पुसा की, बाई!"
सभागृह हसलं. सुटल्यासारखं हसलं.

चूकही नव्हतं त्याचं.
खालचा डाग मी ओळखत होते,
आधीच्या दहाही छात्यांवर तो त्याच जागी होता.

मशीन बंद केलं आणि थांबले.
पंखा फिरतोय तोवर प्लग ओढू नये, झाकण काढू नये,
हे मी सगळ्यांना सांगते.
उजेड गेल्यावरही यंत्राला
थोडा श्वास घ्यायचा असतो.
नव्वद सेकंद. अंधारात साठ माणसं.
पंखा मंदावत गेला
आणि त्याच्याखाली इतका वेळ झाकलेली
दुसरी घरघर ऐकू यायला लागली,
या बाकावरून, त्या बाकावरून.

उघडलं. रबरी फुग्यानं हवा मारली;
तोंडानं कधीच नाही, फुंकरीत थुंकी असते.
मऊ ब्रश. झाकण. चार स्क्रू.

खालचा डाग गेला.

डॉक्टरीण पुढच्या एक्स-रेचं बटण शोधत राहिली,
हातातल्या रिमोटवर, जिथं तीनच बटणं होती.
इलारिओन उठला, खुर्ची रांगेत नीट लावली,
माझ्यापाशी आला.
"भिंग पुसलंस?"
"पुसलं."
"दोन्ही बाजूंनी?"
"दोन्ही."
खिशात हात तसाच ठेवून
तो पडद्याकडे न बघता
पडदा किती ताणून बसवलाय ते बघत राहिला.

सप्टेंबरात पहिल्यांदाच त्यानं
संघाकडून नवा दिवा मंजूर करून आणला, पावतीसकट.
मी बसवला, मीटर शून्यावर आणला.
"आता किती चालेल?"
"दोन हजार तास. फिल्टर धुतलास तर."
त्यानं बादली उचलली,
दारापाशी दम घ्यायला टेकला,
आणि नळाकडे गेला.